गुणाजीबाबांच्या नऊ कुंड्या

गुणाजीबाब गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच रद्दी निवडत बसलो होतो. गुळगुळीत रंगीत पानं एका बाजूला, साधी काळी-पांढरी दुसऱ्या बाजूला. शनिवारच्या सकाळचं हे काम ठरलेलं. छातीत दुखतं म्हणून दोन दिवसांपूर्वी त्यांना फोंड्याला इस्पितळात नेलं होतं, आणि ते सोमवारपर्यंत घरी येतील असं मी आपला धरून चाललो होतो. फोनवर त्यांच्या पत्नी, शालनवहिनी होत्या. आवाज अगदी कोरडा. ‘मास्तर, हे गेले. पडवेतल्या मिरच्यांक पाणी घाला, मी येईसर...’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी उठलो आणि खरोखरच शेजारी जाऊन मिरच्यांना पाणी घातलं.

डिचोलीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण तेवढं आहे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. ते खाणीवर, नमुने तपासायच्या खोलीत. ट्रकातून आलेली माती सुकवायची, कुटायची, चाळायची आणि तिच्यात लोखंड किती ते सांगायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. खाण बंद पडली तेव्हा वाड्यावरचे बाकीचे पुरुष तिठ्यावर जाऊन बसायला लागले. गुणाजीबाब माझ्याकडे आले आणि जुनी वर्तमानपत्रं आहेत का म्हणून विचारलं. मला वाटलं, कपाटात अंथरायला हवी असतील. दुसऱ्या दिवशी डोकावलो तर गृहस्थ पडवीत मांडी घालून कागदाच्या कुंड्या वळत बसले होते.

वर्तमानपत्राचं पान उभं फाडायचं, अर्ध्या पानाची लांब घडी घालायची आणि ती पत्र्याच्या एका अरुंद डब्याभोवती गुंडाळायची. हा डबा खाणीवरचा, नमुन्याच्या मातीचा. खाली राहिलेला कागद आत दुमडायचा, डबा जमिनीवर दाबून एक पीळ द्यायचा की बूड तयार. खळ नाही, दोरा नाही. खळ लावली की मुंग्या येतात, हे त्यांनी आधीच करून पाहिलेलं. वळताना पानाची छापलेली बाजू कुठेही जावो, कडेचा कोरा समास मात्र वरच यायला हवा, कारण त्या कोऱ्या पट्टीवर ते पेन्सिलीनं नंबर, तारीख आणि काय काय लिहीत. मग आत मळ्यातली माती, शेणखत आणि नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालींचा, भुसा. एकटी कुंडी उभी राहत नाही, कलंडते. म्हणून सगळ्या मासळीच्या जुन्या क्रेटमध्ये खेटून ठेवायच्या आणि पाणी खालून द्यायचं.

त्यांच्या चौकस स्वभावाचा मला प्रथम अचंबा वाटला आणि नंतर, खरं सांगायचं तर, थोडा हेवा. कुठला कागद मातीत किती दिवसांत कुजतो ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी कागद पुरले, उकरले, पुन्हा पुरले. मी कधीमधी वर्तमानपत्रात लिहितो हे त्यांना ठाऊक होतं. एकदा कुंपणाशी उभे राहून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘तुमचो लेख एकवीस दिसांत कुजलो, मास्तर. अग्रलेखाक महिनो लागलो.’ माझ्या लिखाणाचं इतकं बारकाईनं परीक्षण आजवर कोणी केलेलं नाही. रंगीत पुरवणीवर त्यांचा राग होता. ती कुजता कुजत नाही, मूळ आत अडकून पडतं, म्हणत. तेव्हा हा मजकूर गुळगुळीत कागदावर छापला गेला असेल तर गुणाजीबाबांच्या दृष्टीनं तो फुकट.

पण त्यांचा खरा छंद कुंडी फोडायचा. रोप तरारलेलं असलं तरी दर दोन दिवसांनी एखादी कुंडी उचलायची, नखानं कागद चिरायचा आणि मूळ कुठवर आलंय ते बघायचं. मी वर्गात मुळांची आकृती फळ्यावर काढत आलो, रंगीत खडूनं. बी पेरल्यापासून अकराव्या दिवशी मुळाचं टोक कागदाच्या घडीला लागतं आणि मग तिथल्या तिथे वळण घेतं, हे मी त्यांच्या तळहातावर पाहिलं. वहिनी वैतागत. वांग्याची चाळीस रोपं करायची आणि लावायला पंचवीस उरायची, कारण पंधरा ह्यांनी बघण्यात घालवली... ते हसून त्यांना हाक मारत, ये, बघ तरी. वहिनी म्हणत, तुमीच बघा, माझी भाकरी करपता. आणि ते एकटेच बघत बसत.

गेल्या वर्षी मात्र त्यांच्या ह्या खोडीला लगाम बसला. वहिनींचं माहेर पेडण्यात, तुयेच्या बाजूला. त्यांची आई अंगणामागे एक मिरची लावायची, आखूड, सुरकुतलेली, तिखटाला बेताची पण माशाच्या हुमणाला असा रंग देणारी की शेजारीण वाटी घेऊन यायची. आई गेली, भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जायला लागला, मळा पडीक राहिला. ती मिरची पुन्हा कोणी लावलीच नाही. वहिनींनी गावात चार घरी विचारलं, तर सगळीकडे बाजारचं बी. शेवटी माहेरच्या माळ्यावर एका मिठाच्या बरणीत आईच्या हातच्या सुक्या मिरच्या मिळाल्या, मूठभर, तीन वर्षं जुन्या. त्यांतलं बरं दिसणारं बी निवडलं तेव्हा एकेचाळीस दाणे निघाले. दिवाळीच्या आसपास गुणाजीबाबांनी ते रात्रभर भिजवून एकेका कुंडीत एकेक टोचले आणि रोज सकाळी चष्मा लावून त्या मातीकडे टक लावून बसू लागले. सतराव्या दिवसापर्यंत नऊ उगवले, बाकीचे उगवले नाहीत. वहिनींनी तेव्हाच बजावलं होतं, ‘ह्या नवांतला एकय झाड फोडूचा नाय.’ गुणाजीबाबांनी मान डोलावली. पण त्यांचा हात शिवशिवत असायचा ते मला कुंपणावरून दिसायचं. एवढं जुनं बी, त्याचं मूळ ताज्या बियासारखंच धावतं की रेंगाळतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. दोनदा तर मला म्हणाले, विचारून बघूया काय तिला? आणि नंतर स्वतःच, नको, राहू दे.

ते गेले तेव्हा रोपं चार पानांवर होती. पुढले दिवस वहिनी घराबाहेर पडल्या नाहीत. मी दोन वेळा क्रेटमध्ये पाणी ओतत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा झाडांची काळजी करत होतो. तेराव्यापर्यंत कुंड्यांची बुडं मऊ पडली, पांढरी मुळं बाहेर डोकावू लागली. आता थांबलं तर रोपं जातील एवढं मलाही कळत होतं. वहिनींनी निरोप पाठवला, तुमच्या परसात लावा, तिथे ऊन बरं आहे. मी नऊ खड्डे खणले आणि कुंड्या कागदासकट आत बसवल्या. वरची कोरी पट्टी मात्र मी दोन बोटं मातीच्या वर ठेवली. तिच्यावर त्यांचं अक्षर होतं. ते बारीक, डावीकडे कललेलं पेन्सिलीचं अक्षर मातीत गाडायला माझा हात धजेना. ते काय लिहून गेले हेही मी वाचलं नाही. दुसऱ्याची वही उघडल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी तीन रोपांनी माना टाकल्या. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो, भोवतालची माती ओलीगच्च होती, तरी पानं लोंबलेली. एकेचाळीसातली नऊ, आणि ती सांभाळायला दिलेली माझ्याकडे. कुंपणापाशी जाऊन वहिनींना हाक मारली. त्या आल्या, गुणाजीबाब गेल्यापासून पहिल्यांदाच बाहेर. खाली बसल्या, एका रोपाच्या बुंध्याशी बोट खुपसलं. आतला मातीचा गोळा ठणठणीत कोरडा होता. त्यांनी उभ्या कागदाच्या कडेला हात लावला आणि सांगितलं की हा वर राहिलेला कागद मुळाचं पाणी ओढून वाऱ्याला देतो. ह्यांनी असंच माझं वांग्याचं अख्खं क्रेट वाळवलं होतं, तेव्हा मी शिकले, वहिनी म्हणाल्या. मी मान खाली घातली. टिपकागदाचं एक टोक शाईत बुडवून शाई वर कशी चढते ते मी दरवर्षी मुलांना दाखवत होतो. केशाकर्षण, दोन गुण. आणि तोच टिपकागद मी नऊ रोपांच्या गळ्याशी बांधला होता. मी वहिनींना कारण सांगितलं, अक्षरासाठी ठेवला म्हणून. त्या हलकेच म्हणाल्या, ‘अक्षर राखशात आणि झाड मारशात.’

मग त्यांनीच एकेक पट्टी फाडायला घेतली. फाडायच्या आधी मात्र वाचत होत्या, मोठ्यानं. बी टोचल्याची तारीख, उगवल्याची तारीख. एक नंबर, उशिरा पण सरळ. चार नंबर, मान वाकडी, खिडकीकडे. सहा नंबर, सगळ्यांत दांडगी. वाचून झालं की पट्टी त्या रोपाच्या बुंध्याशी मातीत दाबायची आणि वर ओंजळभर पाणी. माना टाकलेल्या तिन्हींतलं एक पुढे मेलं, दोन सावरली. नवव्या रोपाशी त्या थांबल्या. पट्टी फाडली आणि हातातच धरली. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं: ‘९. ही फोडून बघायची. शालनला विचारून.’

‘विचारूचा रवला तेंचा,’ वहिनी म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. नववी चांगली उभी होती, तिला काही झालेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी भोवतीची माती सैल केली, कुंडी अलगद उचलून मांडीवर घेतली आणि नखानं कागद चिरला. अक्षरं पुसट झालेला कागद उलगडत गेला. आत मुळं गोळ्याभोवती पांढरीशुभ्र पसरली होती आणि त्यांतली दोन कागदाच्या घडीतून पार बाहेर निघाली होती. जुन्या बियाचं मूळ रेंगाळलं नव्हतं. वहिनी वाकून बघत होत्या, एकेका मुळावरून बोट न टेकवता फिरवत. इतका वेळ की मीच म्हटलं, वारा लागेल तिला.

‘तुमच्या खिशात पेन्सिल आसा?’ त्यांनी विचारलं. होती. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

‘तेंच्या अक्षराखाली लिवा. शालनाक विचारला म्हणान लिवा.’

मी लिहिलं. त्यांनी पट्टी परत घेतली, एकदा वाचली, खड्ड्यात मुळांखाली ठेवली आणि नववी वर बसवून दोन्ही हातांनी माती लोटली.