पिलखनच्या तीन फांद्या

खंडेराव शिंगटे यांच्याबद्दल मला खरं म्हणजे फार थोडं माहीत आहे. ते सातारा जिल्ह्यातले, पण गाव कोणतं ते मी कधी विचारलं नाही. मुलं किती, तेही नाही. फौजेतून सुटल्यावर इकडेच राहिले आणि फरीदाबादला आमच्या सेक्टरमधल्या रस्त्यांवरची झाडं सांभाळू लागले, एवढं नक्की. पस्तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिली, त्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा जमेल तसं सांगतो.

आमच्याकडे डिसेंबर लागला की लोक उद्यान खात्यात अर्ज देत, झाड छाटा, घरात ऊन येत नाही. मे महिन्यात तेच लोक विचारत, गाडी कुठे उभी करायची, सावलीच ठेवली नाही तुम्ही. तेव्हा घरोघरी नव्या गाड्या येत होत्या. खंडेराव दोन्ही ऐकून घेत आणि कुऱ्हाड शक्यतो सायकललाच बांधून ठेवत.

सत्त्याण्णवच्या थंडीत माझी पत्नी चंद्रप्रभा पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज उन्हात बसायला सांगितलं. आमचा व्हरांडा दक्षिणेकडे, पण समोर रस्त्यावर पिलखन. वडाच्या कुळातलं झाड, भर थंडीतही हिरवंगार. मी खंडेरावांना हाक मारली आणि चाचरत सांगितलं.

"अर्ज दिलाय का साहेब?"

"नाही. तुम्ही आपलेच, म्हणून म्हटलं..."

ते हसले. "आपलं झाड नाही ना पण. बघतो."

दुसऱ्या दिवशी ते दहा वाजता आले आणि चंद्रप्रभेच्या खुर्चीत स्वतः बसून वर बघत राहिले. मग झाडावर चढून एका फांदीला गेरूचा ठिपका लावला. बाराला पुन्हा आले, दोनला पुन्हा. असं तीन दिवस.

"वहिनी, ऊन पायावर पाहिजे का पाठीवर?"

"पाठीवर आलं तर बिल्कुल बरं."

"मग वरची फांदी राहू द्या. तिची काही अडचण नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी तीन फांद्या कापल्या, फक्त तीन. कापल्या जागी शेणमातीचा लेप दिला. दहा ते तीन खुर्चीवर ऊन येऊ लागलं आणि खालून बघणाऱ्याला झाडातून काही गेलंय असं वाटत नव्हतं. चहा घेताना ते चंद्रप्रभेला म्हणाले, नऊ वर्षं रोजंदारीवर काढली, कायम करायच्या मार्चच्या यादीत नाव आहे, आता नोकरी पक्की होईल.

समोरच्या इंद्रजितजींनी मात्र बघितलं होतं. ते खंडेरावांना म्हणाले, "हमारा भी ऊपर से साफ कर दो, भाई. धूप क्या सिर्फ मराठियों के घर आती है?"

"सर, आपका मकान उत्तर की तरफ है. पूरा पेड़ काट दूँ, तो भी धूप नहीं आएगी."

आजूबाजूचे हसले. ते इंद्रजितजींना लागलं असावं. आठवड्याभरात तक्रार गेली, की अर्जाशिवाय, ओळखीत, झाड कापलं.

खात्यातल्या साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खंडेराव भिंतीशी उभे होते, फौजेत उभे राहतात तसे. साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"एक अर्जी लिख दीजिए. तारीख नवंबर की, छँटाई से पहले की, डाल दीजिए, बात खतम. बिना अर्जी के इनका नाम लिस्ट से जाएगा."

मी अर्ज लिहिला. झाड माझ्या तोंडी विनंतीवरून छाटलं, दोष असेल तर माझा, असंही लिहिलं. मग तारखेपाशी पेन थांबलं. उभ्या नोकरीत मी खोटी तारीख टाकली नव्हती. मी त्या दिवशीची तारीख घातली. हा प्रामाणिकपणा होता की नुसती भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साहेबांनी कागद वाचला आणि खंडेरावांकडे बघितलं. बाहेर आल्यावर खंडेराव सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "चला साहेब, ऊन आहे तोवर घरी जा."

घरी सांगितलं तेव्हा चंद्रप्रभा म्हणाली, "तुमची तारीख खरी राहिली ना. झालं तर." त्यानंतर आठवडाभर ती व्हरांड्यात बसली नाही. ऊन रिकाम्या खुर्चीवर पडून जायचं.

मार्चची यादी त्यांच्या नावाशिवाय लागली. त्यांना दूर मानेसरच्या बाजूला नव्या रस्त्यांवर पाठवलं, पुन्हा रोजंदारीवरच. मी खात्यातल्या साहेबांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

पुढे एकदा सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर रोपांनी भरलेला ट्रक उभा दिसला. खंडेराव वर चढून रोपांवर ओली पोती टाकत होते. तीच आमची शेवटची भेट. माफी मागावी म्हणून मी जवळ गेलो.

"मानेसरला नेताय?"

"हो. दोनशे आहेत."

"तिकडे पाणी कसं आहे?"

"टँकरचं. खारट आहे जरा."

"मग जगतील?"

"निम्मी तरी जगवू. साहेब, जरा तो मागच्या फळीचा खटका लावता का खालून? माझा हात पोचत नाही."

मी खटका लावला. "लागला."

"बरं," ते म्हणाले.