लंगडीसाठी स्थळ

दोन हजार बावीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तोवर आमच्या भंडारा जिल्ह्यात माझ्याएवढा हट्टी माणूस जन्माला आला नाही, असं मी छातीठोक सांगत असे. त्या वर्षी माझ्या व्याह्यांनी तो मान माझ्याकडून काढून घेतला, आणि तोही एका लंगड्या कुत्रीपायी.

व्याही म्हणजे माझ्या एकुलत्या लेकीचे सासरे. आमच्याकडे इवाई म्हणतात. हा गृहस्थ कोणाच्याही घरी गेला की माणसांकडे शेवटी पाहतो. आधी गोठ्यात शिरायचं, बैलाच्या तोंडापुढं एकदम हात उचलायचा आणि बैल दचकला की चहासुद्धा न घेता बाहेर पडायचं. "मारकं घर हाये जी," एवढंच बोलणार. बैल मारका असतो हे मी चौथीपर्यंत शिकलेला माणूसही जाणतो. घर मारकं असतं हे त्यांनी शिकवलं. वीस वर्षांपूर्वी माझी लेक पाहायला आले तेव्हा ती पोह्याची ताटली घेऊन उभी, आणि हे अंगणात माझ्या चांद्या कुत्र्यासमोर उकिडवे बसलेले. हात उचलला. चांद्या दचकला तर नाहीच, वर त्यानं तो हात चाटला. "पसंत हाये," व्याही म्हणाले. पसंत नेमकं कोण पडलं होतं, हे माझी बायको अजून विचारते.

तर ही कुत्री त्यांना धानाच्या बांधीत सापडली, रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात अडकलेली. नेसत्या धोतराचा सोगा फाडून त्यांनी पाय बांधला, घरची सारी हळद संपवली, आणि पाय वाचला. लंगडा राहिला, पण वाचला. मात्र त्यांचे आधीचे तीन कुत्रे तिला भांड्याजवळ फिरकू देईनात. दुसरा कोणी असता तर बाजाराच्या दिवशी कोणाच्याही गळ्यात बांधून मोकळा झाला असता. व्याह्यांनी रीतसर स्थळं पाहायला घेतली. धुवट धोतर, टोपी, आणि सोबत एक जाणता माणूस पाहिजे म्हणून मी.

लाखांदूरला एका दुकानदारानं मोठ्या हौसेनं नवी कोरी साखळी दाखवली. "साखळी आली. भांडं कुठी हाये?" व्याह्यांनी विचारलं. "भांडं आणू ना काका, घाई काय?" तो म्हणाला. झालं. "घरी विचारून कळवतो," म्हणून व्याही उठले. तीन पोरांची लग्नं करताना वरपक्षाच्या तोऱ्यात हेच वाक्य बोलून त्यांनी कितीक मुलींच्या बापांना ताटकळत ठेवलं होतं. आता घरी विचारणार तरी कोणाला? विहीणबाई रोज ओरडत होत्या, "कोनाले बी द्या, पन द्या एकदाची!"

मग कोणी सांगितलं म्हणून बसा बदलत आम्ही पार बपेऱ्याला गेलो, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. घर मला आवडलं. बैल दचकला नाही, पोरं मायाळू. पण जेवायला बसलो तेव्हा त्या घरची म्हातारी साऱ्यांचं होईपर्यंत भिंतीला टेकून वाट पाहत होती. व्याह्यांनी अर्ध्या भातावरच हात धुतला. बाहेर येऊन म्हणाले, "जिथं म्हातारी मागून जेवते, तिथं लंगडी कवा जेवन?"

हे अकरावं घर. आणि दीड कोसावरचं माझं घर त्यांना एकदाही दिसलं नव्हतं. मी तोंडानं मागणारा माणूस नाही. लेक दिली म्हणून वीस वर्षं त्यांच्यापुढं वाकलो तेवढं पुरे. पण परतीच्या बसमध्ये माझ्यानं राहवलं नाही.

"इवाई, अकरा घरं झाली. माझं घर नाई दिसत काय तुमाले?"

"दिसते ना जी," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "चांद्या बी दिसते."

मग बारा वर्षांत घराबाहेर कोणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं जुनं गाव जायचं होतं, त्या दिवशी ट्रॅक्टरवर सामान चढलं आणि म्हाताऱ्या चांद्यासाठी जागा उरली नाही. गावाबाहेरच्या पांदणीपर्यंत तो मागं पळाला, मग थांबला आणि उलटा फिरून दारं काढून घेतलेल्या घरात जाऊन बसला. आजच घेऊन या, असं बायको म्हणत होती. मी म्हटलं, "माझा कुत्रा आहे. येईल तो स्वतः." आठव्या दिवशी गेलो. अंगणात गुडघाभर पाणी होतं. चांद्या नव्हता.

व्याह्यांनी खिडकीतून तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "मले तिन्ही पोरंच. लेक देनं काय असते, ते या वयात समजून राहिलं, इवाई." फाट्यावर उतरताना मात्र टोपी नीट करून म्हणाले, "घरी विचारून कळवतो."

घरी आलो तो रागानं फणफणत. बायको ओसरीत तांदूळ पाखडत होती. सारं ऐकून म्हणाली, "मंग? आता वाट पाहत बसता काय जी?"

"बसतो. इवाई आहे माझा. येईल तो स्वतः."

तिचं सूप थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, जर्मनचं एक खोलगट भांडं पिशवीत टाकलं, साखळी घेतली नाही, आणि दीड कोस चालत व्याह्यांच्या दारी गेलो. लंगडी ओसरीच्या पायरीशी पडली होती. व्याही दारात आले, पण बसा म्हणाले नाहीत, पाहत राहिले. मी अंगणात उकिडवा बसलो, भांडं पुढं ठेवलं, हात उघडा केला. लंगडीनं मान वर केली, उठली नाही. मग मीच सरकत सरकत तिच्याजवळ गेलो.