थुंकलेला घोट

जर्मनीतल्या त्या थंड टेकडीवर द्राक्षमळ्याच्या मालकीणबाई आम्हाला वाइन चाखवत होत्या. सत्तरीच्या असतील. अखेरीस एक बाटली उघडून म्हणाल्या, "ही माझ्या नवऱ्याने केलेली शेवटची वाइन. त्याच हिवाळ्यात तो गेला."

त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि आधीच्या वाइनींसारखाच शांतपणे टेबलाशेजारच्या बादलीत थुंकला.

मी हादरलेच. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या हातचं लोणचंसुद्धा पुरवून पुरवून खातात.

"थुंकलंत?" न राहवून मी विचारलं.

"दिवसभर पाहुणे येतात, गिळून कसं चालेल? चव अजून टिकलीय का, तेवढं बघते."

दुःख जपण्याची अशीही रीत असते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी पेला ओठांना लावला. तो घोट मला गिळवेना आणि थुंकवेनाही.