हर्शेलच्या नावावरच्या दोन जागा

आमच्या मॉसबीत सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी कुणी लग्न ठेवत नाही आणि शक्यतो मरतही नाही. मेलाच कुणी, तर पाद्री पुरण्याचं सोमवारवर ढकलतो, कारण शनिवारी शवपेटी उचलायला चार माणसं मिळत नाहीत, सगळे स्टेडियमवर. हर्शेल स्टँफिलनं तेवढाही त्रास कुणाला दिला नाही. तो जुलैत गेला, एका मंगळवारी, ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या. त्याला अकरा वर्षं झाली. पण ही हकीगत त्याची नाही, त्याच्या धाकट्या भावाची, डेल्मरची आहे.

दोघांपैकी एकही कॉलेजची पायरी चढला नाही. मोज्यांच्या गिरणीत हयात गेली दोघांची. पण इथल्या कॅलोवे कॉलेजच्या फुटबॉल संघावर भलताच जीव. फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकेतला, चेंडू छातीशी धरून पळायचा. संघाचं नाव खेचरं. हसायचं असेल तर हसून घ्या, आम्ही कधीच हसत नाही. हर्शेलनं चोविसाव्या वर्षी पहिली पगारवाढ मिळाल्यावर सबंध सीझनची दोन तिकिटं काढली, पश्चिमेच्या बाजूला, मैदानाच्या मधल्या रेषेसमोर. एक स्वतःला, एक डेल्मरला, पण दोन्ही स्वतःच्याच नावावर. डेल्मर तेव्हा एकोणीसचा होता. पुढे लग्न दोघांनीही केलं नाही. कुणी विचारलं की हर्शेल म्हणायचा, "बायको केली तर तिला बसवू कुठे?"

आता नियम ऐका. तिकीट ज्याच्या नावावर तो मेला, तर ते बायकोला मिळतं. भावाला नाही. भावानं यादीत शेवटी जाऊन उभं राहायचं, आणि त्या यादीत डॉक्टर, वकील, मोटारी विकणारे असे साडेचार हजार लोक आधीच ताटकळलेत. पन्नास वर्षांपूर्वी त्या जागांना कुत्रं विचारत नव्हतं.

हर्शेल गेला तेव्हा सीझनला सहा आठवडे होते. अंत्यविधीवाल्यानं विचारलं, पेपरात काय छापायचं? डेल्मर म्हणाला, "काही नाही." तिकीट कचेरीतली माणसं रोज सकाळी पेपरातल्या मयतांची नावं चाळतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून पेपरात नाही, चर्चच्या पत्रकात नाही, गिरणीच्या फळ्यावरही नाही. हर्शेलला मानणारी तीनचारशे माणसं तरी असतील. पुरताना आम्ही नऊ जण होतो. डेल्मर रडला नाही. त्याला घरी जायची घाई होती, हर्शेलची सही गिरवायची होती.

मी व्हर्जिल. त्यांच्या रस्त्यावर तेव्हा टपाल वाटायचो. दर फेब्रुवारीत तिकीट कचेरीचा लिफाफा हर्शेलच्या नावानं येई. मेलेल्या माणसाचं पत्र परत पाठवायचं असतं, ते मला माहीत होतं. मी ते डेल्मरच्या टपालपेटीत टाकत राहिलो आणि हर्शेलच्या जागेवर जाऊन बसू लागलो. याला कुणी लाच म्हणेल. म्हणू दे.

तर अकरा सीझन मी डेल्मरच्या शेजारी काढले. पूर्वी हा माणूस असा ओरडायचा की पुढच्या रांगेतली बाई कानात कापूस घालून यायची. आता हात जाकिटाच्या खिशात घालून ओंडक्यासारखा बसतो. यंदाचं सांगतो. पहिल्या शनिवारी कुठल्याशा चिमुकल्या कॉलेजची पोरं आली, त्यांना आम्ही पन्नास गुणांनी तुडवलं. "बरं झालं," डेल्मर म्हणाला. पुढचे चार सामने ओळीनं हरलो. पाचव्यात एक्केचाळीस-तीन असा मार खाल्ला, अर्धं स्टेडियम शिव्या देत उठून गेलं. "बरं," डेल्मर म्हणाला, आणि बँडवाले वाद्यं गुंडाळून जाईपर्यंत बसला. उकडलेल्या शेंगांची पिशवी त्याच्या मांडीवर तशीच होती. सामना संपायच्या आत तो कधी उठला नाही. का, ते विचारायचं मी केव्हाच सोडलंय.

त्या माराच्या आठवड्यातच पत्र आलं. हर्शेल स्टँफिल यांच्या तिकिटाला पन्नास वर्षं झाली. जुने विद्यार्थी जमतात त्या शनिवारी, सामन्याच्या मध्यंतरात, त्यांनी मैदानाच्या मधोमध उभं राहावं, नाव पुकारून सत्कार होईल. सोबत एक पाहुणा आणावा.

डेल्मरनं पत्र माझ्यापुढे टाकलं. आम्ही त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसलो होतो.

"आजारी आहे म्हणून कळव," मी म्हणालो.

"मग घरी येतात ते. फुलं घेऊन येतात. ग्रोव्हर म्हाताऱ्याकडे नव्हते का आले?"

"मग खरं सांगून टाक."

"आणि जागा?"

"जागा जातील. अरे, तुला तिथं बसायला आवडतं तरी का आता? मढ्यासारखा बसतोस."

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, रागावला.

"नाही आवडत," तो म्हणाला. "पण तिथं नाही बसलो, तर बसू कुठे?"

 जन्मात हजार पत्त्यांवर पत्रं टाकलेला मी फळीवरून उतरलो आणि घरची वाट धरली.

तो शनिवार उजाडला. डेल्मरनं दाढी केली, हर्शेलची हॅट घातली. दोघांचं नाक एकच, उंची एकच. लांबून कुणीही फसावं. आमच्या मागच्यापुढच्या चार रांगांना सगळं ठाऊक होतं. त्यातल्या निम्म्यांची तिकिटंही मेलेल्यांच्या नावावर आहेत, तेव्हा तोंड कोण उघडणार. मागच्या रांगेतला केंड्रिक एवढंच म्हणाला, "डेल्मर, खाली गेल्यावर तुझं नाव विसर बाबा."

तिकीट कचेरीची एक पोरगी यादी घेऊन आम्हाला न्यायला आली, पाहुणा मीच होतो. गोड पोरगी, सारखी हसत होती. "नाव, आजोबा?"

"हर्शेल स्टँफिल," डेल्मर म्हणाला. आवाज जरासुद्धा हलला नाही. 

मध्यंतरात सात म्हातारे मैदानात उभे राहिले. लाउडस्पीकरवर एकेक नाव पुकारलं गेलं. हर्शेलचं नाव आलं तेव्हा साठ हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि आमच्या चार रांगा उठून उभ्या राहिल्या. डेल्मरनं हॅट काढून वर धरली. खरं सांगतो, मला हर्शेलची इतकी आठवण झाली की खाली बघावं लागलं. डेल्मरचा चेहरा मात्र एक्केचाळीस-तीनला होता तसाच होता.

झालं, सुटलो, असं म्हणत आम्ही परत निघालो. पोरगी बरोबर होतीच. इतक्यात कठड्यापाशी एक म्हातारी धापा टाकत येऊन उभी राहिली.

"हर्शेल. अरे हर्शेल, थांब. मी अर्लीटा. मोज्यांची टोकं शिवायच्या यंत्रावर होते, आठवतं का? चाळीस वर्षं झाली टेक्सासला जाऊन. नातू इथं शिकतो म्हणून आले, तर तुझं नाव ऐकलं. हे असले गुडघे घेऊन सगळ्या पायऱ्या उतरले बघ."

डेल्मर तिच्याकडे बघत राहिला.

"ओळखलं नाहीस ना? मेल्या, मी तुझं नाक लांबून ओळखलं."

"ओळखलं, अर्लीटा."

तिनं कठड्यावरून त्याचे दोन्ही हात धरले. "आणि तुझं शेपूट कुठाय? डेल्मर? वर बसलाय का?"

पोरगी हातभर अंतरावर उभी होती, यादी छातीशी धरून, हसत. डेल्मरनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात होतं ओरडून सांगावं, हाच डेल्मर आहे. पण जागा दोन होत्या आणि त्यातली एक माझ्या बुडाखाली होती. मी बँडकडे बघू लागलो.

"डेल्मर गेला," तो म्हणाला.

"काय सांगतोस? कधी?"

"अकरा वर्षं झाली. जुलैत. ओसरीवर बसला होता, उठलाच नाही."

अर्लीटानं तोंडावर हात ठेवला. "मला कुणी कळवलं नाही. माझी बहीण इथला पेपर अजून पाठवते मला. मयतांचं पान तर मी आधी वाचते."

"पेपरात दिलं नव्हतं."

"का नाही दिलं?" ती आता चिडली होती. "सख्खा भाऊ ना तुझा? कुणाला कळू न देता पुरलंस? आम्ही आलो असतो रे. मी टेक्सासहून आले असते. असं परक्यासारखं का पाठवलंस त्याला?"

"चुकलं माझं," डेल्मर म्हणाला.

मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण भरपूर. पोरगीचं हसू मावळलं, तिनं खिशातून कागदी रुमाल काढून दिला. "फार भोळा होता बिचारा," अर्लीटा डोळे पुसत म्हणाली. "तू पाणी म्हणालास की तो पेला शोधायला जायचा. एकटा पडला असशील रे."

"पडलो," डेल्मर म्हणाला.

पोरगी म्हणाली, "तुमच्या भावाबद्दल ऐकून वाईट वाटलं, आजोबा." आणि यादीवर हर्शेलच्या नावापुढे तिनं खूण केली.

आम्ही पायऱ्या चढून जागेवर आलो. केंड्रिकनं पाठीवर थाप मारली, "पार पडलं की." डेल्मर बसला, हात जाकिटाच्या खिशात घातले. खेळ पुन्हा सुरू झाला. आम्ही बावीस गुणांनी मागे होतो.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ती माझ्यासाठी रडली."

"हो."

"हर्शेलसाठी कुणीच रडलं नाही, व्हर्जिल. मी रडूच दिलं नाही कुणाला." गुणफलक वाचून दाखवावा तसं तो बोलत होता. "मी पण नाही रडलो."

"मग आता रड," मी म्हणालो. "कोण बघतंय इथं?"

त्यानं प्रयत्न केला. मी शेजारीच होतो, मला दिसलं. तोंड वेडंवाकडं झालं, हनुवटी हलली. मग चेहरा पुन्हा जागेवर आला.

"येत नाही रे," तो म्हणाला.

तेवढ्यात खाली आमच्या एका पोरानं चेंडू पळवला आणि तो सुटला तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत. सगळं स्टेडियम उभं राहिलं, मीही उठलो. डेल्मर बसून होता.