घरकुलाचा शेवटचा फोटो

घरकुलाचे फोटो काढायला पंचायत समितीचे एक साहेब यायचे. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. एकेक टप्पा झाला की मालकाला घरासमोर उभं करून फोटो काढायचा, मग पुढचा हप्ता सुटायचा. मोबाइल धरून साहेब मागे मागे सरकत पार शेतात, धानाच्या बांधीपर्यंत जायचे आणि तिथून थकल्या आवाजात सगळ्यांना एकच सांगायचे, "मधात या."

माझे सासरे घराचा पाया झाला तेव्हा असेच धुतलेला सदरा घालून मधात उभे राहिले. खिडक्यांपर्यंत भिंती आल्या तेव्हाही. मग पुरानं भामरागडचा रस्ता बंद झाला, हप्ताही लांबला. स्लॅब पडेपर्यंत सासरे राहिले नाहीत.

घरकुल सासूबाईंच्या नावावर झालं, स्लॅबही पडला, तेव्हा साहेब पुन्हा आले. हेल्मेट न काढताच पायरीवर बसले.

"बऱ्याच गावात असंच होऊन राह्यलं, बाई," ते म्हणाले. "पायावर एक माणूस उभा राह्यते, स्लॅबले दुसरंच कोणी."

"त्यायचा फोटो आहे का तुमच्यापाशी?" सासूबाईंनी विचारलं.

साहेबांनी मोबाइलवर शोधून दाखवला. आमच्या घरात सासऱ्यांचा एकही फोटो नाही. सासूबाईंनी पदरानं काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

मग त्या फोटोसाठी उभ्या राहिल्या. दाराच्या डाव्या बाजूला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

साहेब सरकत सरकत बांधीपर्यंत गेले. बराच वेळ मोबाइलमध्ये बघत राहिले. मग "मधात या" न म्हणता त्यांनी तसाच फोटो काढला.