आधी पट्टी, मग पाणी

"आधी पट्टी, मग पाणी."

ती आमच्या दारात पहिल्यांदा आली तेव्हा बायकोने पुढे केलेला तांब्या तिने असा परत केला. चाकणजवळच्या आमच्या गावात आल्यागेल्याला आधी पाणी देतात, आणि ते कुणी नाकारत नाही. मला रागच आला. म्हटलं, शिकली खरी, पण रीतभात नाही.

तुम्हीही पाहिली असतील अशी कामाच्या नादात तहान विसरणारी माणसं. ही पुण्यातल्या प्रयोगशाळेतली. कारखान्यांतून जमिनीत उतरलेली काही रसायनं उकळूनही जात नाहीत, वर्षानुवर्षं पाण्यात राहतात. तपासणी महाग. म्हणून तिला पाण्यात रसायन असलं की दारातच लाल होणारी स्वस्त पट्टी बनवायची होती. तिकडे प्रयोगशाळेत जमलेली पट्टी आमच्या बोअरच्या खारट पाण्यात हमखास फसायची. मग पुन्हा तिची स्कूटर दारात. "काका, आज नवी पट्टी!"

आमची सून तेव्हा पोटुशी होती आणि तेच पाणी पीत होती.

एकदाची पट्टी जमली. "काकू, बाटली भरून ठेवा," असं सांगून ती शेजारी गेली. तिथली पट्टी लाल झाली, आमची पांढरीच राहिली. आम्ही सुटलो म्हणालो. ती मात्र कपाळाला आठ्या घालून बसली.

"काकू, पाणी कुठलं भरलंत?"

"जारचं. डोहाळजेवणातलं उरलं व्हतं. पाहुणीला बोअरचं कसं द्यायचं, ताई?"

पायरीवर बसून ती डोळे पुसत हसली. मग स्वतः जाऊन बोअरची मोटर लावली. पट्टी लाल झाली.

सुनेने विचारलं, "बाळाला काही होईल का?"

खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "ते मला सांगता येणार नाही. पण आजपासून हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही नाही." सुनेचा हात धरून ती बराच वेळ बसली. पुढे मोठ्या तपासणीतही तेच निघालं. मग तिने ग्रामपंचायतीचा असा पिच्छा पुरवला की नळाची लाइन आमच्या आळीत आली.

नात ठणठणीत आहे. त्या पट्टीवालीचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

शेवटची आली तेव्हा तिने नळाच्या पाण्यात पट्टी बुडवली. पांढरी. "द्या काकू, आता तांब्या." उभ्या उभ्या तिने तो रिकामा केला.

आता ती लांबच्या कुठल्या एमआयडीसीत असते म्हणे. तुमच्या दारी येऊन तिने पाणी नाकारलं, तर रागावू नका.