पाक-सानच्या बाईंचं अभिनंदन

माझं पहिलं जाहीर जपानी भाषण एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य चुकीचं होतं.

आयटीवाल्यांची जपानला रीघ लागली होती, त्या काळात माझ्या नवऱ्याच्या, संजयच्या, कंपनीने आम्हाला टोकियोत ओजिमाला आणून ठेवलं. शेजारी पाक-सान राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, कोरियन, तरुणपणी शिकायला जपानला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. (पाक हे आडनाव, ‘सान’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘राव’. संजय घरात त्यांना ‘एकतारी’ म्हणायचा. मी डोळे वटारायचे.)

मला इथल्या कॉलेजात जपानी शिकायचं होतं आणि पाक-सान माझ्यासाठी तिथे शब्द टाकणार होत्या. त्याआधी एका रविवारी त्यांनी आम्हाला त्यांच्या ‘सेन्सेईं’च्या, म्हणजे बाईंच्या, कार्यक्रमाला बोलावलं. माझ्या तुटपुंज्या जपानीला त्यातलं ‘बाई’ आणि ‘कार्यक्रम’ एवढंच कळलं. सत्कार असणार, असं मी ठरवून टाकलं.

पोपटी पैठणी नेसले. डबाभर शिरा केला. दारातल्या प्रत्येक आजीला वाकून, खणखणीत आवाजात “ओमेदेतो गोझाइमास”, म्हणजे अभिनंदन, म्हणत आत शिरले. सगळ्या काळ्या कपड्यांत होत्या. (मला वाटलं, युनिफॉर्म!)

आमची सहा वर्षांची मुक्ता जपानी बालवाडीत जायची. ती पदर ओढत म्हणाली, “आई, त्या बाई मेल्यात.”

समोर पांढऱ्या फुलांत बाईंचा फोटो होता. संजय पुटपुटला, “गेलं तुझं कॉलेज.” मी शिरा पाठीमागे लपवला. पैठणी लपवायला जागा नव्हती.

पाक-सान उठल्या, माझा हात धरून मला पुढे घेऊन गेल्या आणि बोलायला लागल्या. त्या काय म्हणाल्या ते नंतर संजयच्या ऑफिसातल्या दुभाष्याने नीट सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाआधी कोरियन मुलींना टोकियोत कोणी खोली देत नसे. बाईंनी स्वतःच्या घरातल्या दोन खोल्या त्यांना दिल्या. शेजारी कुरकुरले, पोलीस चौकशीला आले, तरी एकीलाही घराबाहेर काढलं नाही. शिक्षण पूर्ण झालं त्या दिवशी मुली आपल्या रंगीत कोरियन पोशाखात समारंभाला गेल्या. सभागृहात कोणी टाळी वाजवेना. तेव्हा बाई एकट्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने अभिनंदन म्हणाल्या.

“तो शब्द इतक्या मोठ्याने मी त्यानंतर आजच ऐकला,” पाक-सान म्हणाल्या होत्या.

आज्या हसल्या. मग दोघीतिघींनी डोळे पुसले. मग डब्यात काय आहे, असं विचारलं.

पुढच्या आठवड्यात पाक-सान काठी टेकत माझ्याबरोबर कॉलेजात आल्या आणि माझ्याबद्दल बराच वेळ बोलल्या. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण प्रवेश मिळाला.

पहिल्याच परीक्षेत मी संभाषणात नापास झाले. तोंड पाडून आले, तर पाक-सान म्हणाल्या की पहिल्या वर्षी त्याही झाल्या होत्या. खरंच झाल्या होत्या, की माझं मन राखायला म्हणाल्या, कोण जाणे. तेवढं विचारण्याइतकं जपानी मला येत असतं, तर मी नापास कशाला झाले असते?